बोलकी बाहुली आणि मुलांचें भय

१९९३ सालच्या ‘झपाटलेला’ चित्रपटांतील तात्या विंचू पाहून दचकलें नाहीं असें मूल विरळाच! तो बाहुला रामदास पाध्ये यांनीं घडविला. शब्दभ्रमाची विद्या त्यांस वडील यशवंत पाध्ये यांजकडून लाभली. मूल भ्यालें असतां ‘भूत नसतें’ एवढें सांगून भागत नाहीं. युक्ति उलगडून दाखवावी. कलावंत ओठ न हलवितां बोलतो व बाहुल्याचें तोंड हलवितो. डोळ्यांस जेथें हालचाल दिसते, तेथूनच आवाज आला असें कानांस वाटतें. ‘प’, ‘ब’, ‘म’ हीं अक्षरें ओठ न मिटतां म्हणावयास मुलास आरशापुढें सांगावें. भय ओसरून कौतुक उरेल.

ही केवळ करमणूक नव्हे. बुलढाणा जिल्ह्यांतील सैलानीच्या यात्रेस कित्येक गांजलेलीं कुटुंबें आपल्या मनोरुग्णास ‘झपाटलेला’ समजून घेऊन येतात. घरच्याच माणसाच्या तोंडून परका स्वर ऐकण्याचें त्यांचें दुःख खरें आहे. त्यांस हंसूं नये. परंतु आवाजाचें मूळ शोधण्याची संवय ज्या मुलास लहानपणीं लागली, तें पुढें अशा रुग्णाचा हात धरून त्यास डॉक्टरांकडे नेईल.