मोजणे हाही उपचारच : टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या पालक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांना रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि सेन्सर मिळण्याबाबत

महोदय,

टाइप वन मधुमेहात मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयार होणे थांबते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही आणि पथ्याने किंवा गोळ्यांनी जात नाही. दिवसातून साधारण चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते. प्रत्येक वेळी किती टोचायचे हे त्या क्षणाच्या साखरेवर, समोरच्या ताटावर आणि पुढच्या तासाभरातल्या खेळण्यावर ठरते. डोस जास्त झाला तर मूल बेशुद्ध पडू शकते. कमी पडत राहिला तर रक्तात कीटोन साठून त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागते. साखर न मोजता इन्सुलिन देणे म्हणजे अंदाजाने औषध देणे. पुढच्या सर्व मागण्या या एका वस्तुस्थितीतून निघतात.

पहिला प्रश्न पट्ट्यांचा. दिवसातून सहा वेळा बोट टोचून साखर पाहिली आणि एक पट्टी 20 रुपयांना धरली, तर वर्षाचा खर्च 43,800 रुपये होतो. इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची फी त्याशिवाय. ज्या घराला हे पेलत नाही तिथे सर्वांत आधी रात्री दोन-तीनची तपासणी बंद होते. आणि झोपेत उतरलेली साखर नेमकी तेव्हाच सापडायची असते. प्रत्येक नोंदणीकृत मुलाला एक ग्लुकोमीटर आणि दरमहा 200 पट्ट्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून विनामूल्य मिळाव्यात. 180 पट्ट्या नेहमीच्या तपासण्यांसाठी, 20 आजारपणासाठी. यंत्र आयएसओ 15197:2013 या मानकाला उतरणारे असावे आणि त्या यंत्राच्याच पट्ट्या सलग तीन वर्षे पुरवण्याची अट निविदेत असावी. पुरवठादार बदलला की घरातले मीटर निरुपयोगी होते, हे आमच्या सभासदांनी पुन्हा पुन्हा सोसले आहे.

दुसरा प्रश्न सेन्सरचा, आणि तो अधिक बारकाईने मांडणे आवश्यक आहे. दंडावर बसवलेला हा सेन्सर कातडीखालच्या द्रवातील साखर काही मिनिटांच्या अंतराने, दिवसरात्र मोजतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी पहाटे तीन वाजता मुलाची साखर 50 पर्यंत उतरली होती हे कधीच सांगत नाही. सेन्सर सांगतो, आणि गजर असलेला सेन्सर घरच्यांना जागे करतो. आमचे सभासद चौदा दिवसांच्या एका सेन्सरला पाच हजारांच्या आसपास मोजतात. वर्षाला 26 सेन्सर, म्हणजे 1,30,000 रुपये. एवढा भार सर्व मुलांसाठी शासनाने उद्यापासून उचलावा, असे आम्ही म्हणत नाही. सहा वर्षांखालील मुले आणि साखर उतरल्याची लक्षणे ज्यांना जाणवत नाहीत अशी मुले, या दोन गटांना सेन्सर अखंड द्यावेत. घाम, थरथर काहीच न जाणवणाऱ्या किंवा बोलून न सांगता येणाऱ्या मुलाला दुसरा आधार नाही. इतर प्रत्येक मुलाला दर तिमाहीस एक, वर्षाला चार सेन्सर द्यावेत. सलग चौदा दिवसांची नोंद डॉक्टरांना डोस बसवण्यासाठी पुरेसे चित्र देते, आणि या गटाचा खर्च आजच्या किरकोळ दरानेही दरवर्षी मुलामागे 20,000 रुपयांच्या पुढे जात नाही. मात्र सेन्सर दिला म्हणून पट्ट्या कापू नयेत. सेन्सरचा आकडा रक्तातल्या साखरेच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. साखर झपाट्याने उतरत असताना बोट टोचून खात्री करावीच लागते.

किमतीचा अधिकार केंद्राकडे आहे, याची आम्हाला जाणीव आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने जुलै 2021 मध्ये ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा घातली. तोच नियम सेन्सरला लावण्याची लेखी शिफारस राज्य शासनाने करावी आणि राज्यासाठी एकत्रित खरेदी करावी. दुकानात एकेक सेन्सर घेणाऱ्या पालकाला दराची घासाघीस करता येत नाही, शासनाला येते.

आजच्या योजनांत आमची मुले मध्येच गळतात. असंसर्गजन्य आजारांची सार्वत्रिक तपासणी तिशीच्या पुढच्यांसाठी आखलेली आहे. आरोग्य विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतात. म्हणजे मूल अतिदक्षता विभागात पोहोचल्यावर खर्च करायचा आणि ते तिथे पोहोचू नये म्हणून लागणारी पट्टी मात्र पालकाने घ्यायची. हे न्यायाचे नाही आणि काटकसरीचेही नाही. केरळ शासन ‘मिठायी’ योजनेतून अशा मुलांच्या नियमित उपचारांचा भार उचलते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2022 मध्ये टाइप वन मधुमेहासाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. राज्याने सहा महिन्यांत जिल्हावार नोंदणी पूर्ण करून स्वतंत्र लेखाशीर्षाखाली तरतूद करावी. नोंदणीच्या कामात आमचे सभासद प्रत्येक जिल्ह्यात मदत करतील.

शाळेबाबत. सीबीएसईने 2017 पासून मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाऊ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना कळवले की सेन्सर आणि इन्सुलिन पंप शरीराला जोडलेले असल्याने परीक्षेत ते काढायला लावू नयेत, आणि सेन्सरचा आकडा पाहण्यासाठी मोबाइल लागत असल्यास तो पर्यवेक्षकाकडे ठेवता येईल. तरीही आमची मुले प्रत्येक परीक्षेआधी नव्याने अर्ज घेऊन फिरतात. काहींना दंडावरची चकती दाखवून हे कॉपीचे साधन नाही असे सर्वांदेखत समजावून सांगावे लागते. राज्य मंडळासह सर्व शाळांसाठी एकच, कायम स्वरूपाचे परिपत्रक काढावे. त्यात वर्गात साखर मोजण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि साखर उतरल्यास तत्काळ खाण्याची मोकळीक असावी. त्यासाठी मुलाला वर्गाबाहेर काढू नये. प्रत्येक शाळेतील किमान दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे. त्यासाठी एक दुपार पुरते.

खरेदीच्या करारात आणखी तीन अटी हव्यात. माहितीपत्रक, अ‍ॅप आणि तक्रारीचा फोन मराठीत असावा. चौदा दिवसांआधी निघालेला किंवा बंद पडलेला सेन्सर सात दिवसांत बदलून मिळावा. विदर्भाच्या उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, यात मुलाची चूक नसते. आणि मुलाच्या साखरेची नोंद पालक व उपचार करणारे डॉक्टर यांच्याशिवाय कोणालाही, विशेषतः विमा कंपन्यांना, देण्यास मनाई असावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, 2023 मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक करतो. करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असावा.

शालेय परिपत्रकाला पैसा लागत नाही. ते येत्या दहावी-बारावीच्या परीक्षांपूर्वी निघावे. पट्ट्यांचा पुरवठा येत्या आर्थिक वर्षाच्या आरंभी आणि सेन्सरचा पहिला टप्पा नोंदणी संपताच सुरू व्हावा. या प्रत्येक मागणीवर दोन्ही विभागांचे लेखी उत्तर 45 दिवसांत मिळावे, आणि त्याआधी खरेदीच्या अटी ठरवणाऱ्या बैठकीत आमच्या दोन प्रतिनिधींना स्थान द्यावे.

कार्यकारिणी व सर्व सभासद पालकांच्या वतीने,
अध्यक्ष