साठीनंतर सहाशे

मध्य प्रदेशातल्या महिलांसाठीच्या लाडली बहना योजनेचा मासिक हप्ता दीड हजारांवर गेला, हे चांगलेच झाले. पण त्या योजनेतली साठीची अट जिथल्या तिथे आहे. इंदूरच्या नंदानगरातली किंवा परदेशीपुऱ्यातली बाई साठ वर्षांची झाली की तिचे 1,500 रुपये बंद. पुढे तिच्या वाट्याला येतात सामाजिक सुरक्षा पेन्शनचे 600 रुपये, तेही ती दारिद्र्यरेषेखालची किंवा निराश्रित असल्याचे कागद जुळले तर. गुडघे दुखू लागतात, औषधांची चिठ्ठी लांबत जाते, नेमक्या त्याच वयात मदत निम्म्याहूनही कमी करायची, हे कोणत्या हिशेबात बसते? साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे 200 रुपयांवर अडकलेला आहे. दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत.

साठीच्या आतल्या बाईलाही नवऱ्याची पेन्शन आडवी येते. कुटुंबातले कोणी सरकारी खात्यातून, उपक्रमातून, मंडळातून निवृत्त होऊन पेन्शन घेत असेल किंवा आयकरदाता असेल, तर ती अपात्र. पेन्शन किती, हे या अटीत विचारलेलेच नाही. मध्य प्रदेशचे राज्य परिवहन निगम 2005 साली बंद पडले. तिथे हयात घालवलेल्या कंडक्टरला भविष्यनिधीच्या ईपीएस-95 या पेन्शन योजनेतून आज दोन-अडीच हजार रुपये मिळत असतील आणि बायको सत्तावन्न वर्षांची असेल, तर नियमाची भाषा तिला बाहेर काढते. नियमाला ‘पेन्शनधारक’ एवढेच दिसते. त्या शब्दामागे अडीच हजार आहेत की पन्नास हजार, याची फिकीर कोणालाच नाही. पेन्शन म्हणजे श्रीमंती नव्हे, एवढी साधी गोष्ट सरकारी नियमात शिरत नाही, याचा संताप येतो.

पेन्शन ही खैरात नाही, तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी ठणकावून सांगितले. आता त्याच हक्काचा उपयोग माणसाला इतर मदतीतून वगळण्यासाठी होतो आहे.

आकडे शेजारी ठेवले की विसंगती उघडी पडते. 2025 च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न नव्या करप्रणालीत करमुक्त केले. पेन्शनधारकाला प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. म्हणजे दरमहा लाखभर पेन्शन घेणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही, असे केंद्र म्हणते. तर लाडली बहना योजनेत अडीच लाखांहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंब सधन ठरते. महाराष्ट्रात वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे, महिन्याला 1,750. एवढ्यात घर चालते, असे मंत्रालयातल्या एका तरी अधिकाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगावे. शेतकऱ्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम-किसान योजनेत महिना दहा हजारांची पेन्शन असलेला निवृत्त माणूस बाद होतो, चतुर्थ श्रेणीचा अपवाद सोडून. ही अट 2019 ची. केंद्रीय कर्मचाऱ्याची किमान पेन्शनच 9,000 रुपये आहे, महागाई भत्ता धरला की ती दहा हजार कधीच ओलांडते. महागाई वाढते, भत्ता वाढतो, मर्यादा मात्र हलत नाही, आणि दरवर्षी आणखी काही वृद्ध रेषेबाहेर ढकलले जातात.

‘आयकरदाता’ ही कसोटीही तितकीच आंधळी आहे. एखाद्याने ऑपरेशनच्या खर्चासाठी जमिनीचा तुकडा विकला, भांडवली नफ्यावर प्रामाणिकपणे कर भरला, की त्या वर्षी तो आयकरदाता. पैसे दवाखान्यात गेले, आणि पीएम-किसानचे सहा हजारही गेले. ठेवीच्या व्याजावर कापलेला टीडीएस परत मिळवायला विवरणपत्र भरणारा आणि प्रत्यक्ष कर भरणारा यांतला फरक प्रत्येक योजनेच्या नियमात स्पष्ट लिहायला हवा. नाहीतर हक्काचे पैसे परत मागायलाही म्हातारी माणसे घाबरतील.

ज्यांना पेन्शनधारक म्हणून बाजूला काढायचे, त्यांची पेन्शन तरी बघा. ईपीएस-95 ची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. त्याआधीच, 2013 मध्ये, कोश्यारी समितीने 3,000 ची शिफारस केली होती. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत म्हातारी माणसे 7,500 रुपये आणि महागाई भत्त्यासाठी रस्त्यावर बसली. उत्तर एकच: निधीत तूट आहे. माजी खासदारांची पेन्शन मात्र 2025 मध्ये 25,000 वरून 31,000 झाली, तीही दोन वर्षे मागच्या तारखेपासून. तिथे तूट आडवी आली नाही.

सरकारी पैसा गरजूंनाच मिळावा, हे म्हणणे रास्त आहे. पण श्रीमंताला वेगळे काढायचे काम करप्रणालीचे आहे, तहसीलच्या दाखल्याचे नाही. ब्रिटनने 2024 मध्ये वृद्धांची हिवाळी इंधन मदत फक्त गरिबीचा भत्ता घेणाऱ्यांपुरती ठेवली आणि सुमारे एक कोटी लोक बाहेर फेकले. वर्षभरात सरकारला माघार घ्यावी लागली. आता मदत वृद्धांना सरसकट मिळते आणि 35,000 पौंडांवर उत्पन्न असलेल्यांकडून ती करातून परत घेतली जाते. आपल्याकडेही ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळते आहे. उपचारांना जे जमले, ते महिन्याच्या मदतीला का जमू नये?

मुख्यमंत्री मोहन यादव आणि अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी येत्या अर्थसंकल्पात तीन गोष्टी कराव्यात. साठीनंतर बहिणीचे पैसे कापणे थांबवावे. वृद्धांची 600 रुपयांची पेन्शन किमान 1,500 करावी. आणि ‘पेन्शनधारक’ या शब्दापुढे रकमेची मर्यादा लिहून ती महागाईशी जोडावी. आमदारांनी सभागृहात हे विचारावे, आणि मते मागायला दारात आलेल्या प्रत्येकाला इंदूरकरांनी या सहाशे रुपयांचा जाब विचारावा.