नाकारलेल्या भूमिका

चित्रपटांविषयींच्या गप्पांत एक विषय असा आहे कीं, तो निघाला म्हणजे घरांतील आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वांचे कान टवकारतात. अमक्या नामांकित नटानें अमकी गाजलेली भूमिका म्हणे प्रथम नाकारली होती! सांगणाऱ्याच्या स्वरांत 'पाहा, कसा फसला' असा सूर असतो आणि ऐकणारेहि हंसून त्यास दुजोरा देतात. आम्हांस हा सूर मानवत नाहीं. नकार देणाऱ्यास त्या दिवशीं काय दिसत होतें, आणि त्या नकारासाठीं त्यास काय मोजावें लागत होतें, हे दोन्ही प्रश्न अशा गप्पांत बाजूलाच राहतात.

या बाबतींत सर्वांत अधिक हंसें झालें तें अमेरिकन नट जॉर्ज राफ्ट याचें. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत वाढलेला हा गृहस्थ मूळचा नर्तक. १९३२ सालच्या 'स्कारफेस' या बोलपटांत त्यानें एका गुंडाचें काम केलें, आणि हातांतील नाणें वर उडवून झेलण्याची त्याची लकब लोकांच्या मनांत कायमची बसली. १९३९ सालीं तो वॉर्नर बंधूंच्या संस्थेंत दाखल झाला. हम्फ्रे बोगार्ट त्या संस्थेंत आधींपासूनच पगारी नट होता; परंतु गुंडाचें काम करून शेवटीं गोळी खाऊन पडणें हेंच बहुधा त्याच्या वांट्यास येई. १९४० सालच्या 'दे ड्राइव्ह बाय नाइट' या चित्रांत राफ्ट नायक आणि बोगार्ट त्याचा भाऊ. श्रेयनामावळींत बोगार्टचें नांव चौथें होतें.

त्यानंतर संस्थेनें राफ्टपुढें 'हाय सिएरा' ठेवलें. त्यांतील दरोडेखोर अखेरीस मारला जातो. तें मरण राफ्टला नको होतें, असें त्याच्या नकाराचें कारण सांगतात. तें काम बोगार्टकडे गेलें. पाठोपाठ 'द मॉल्टीज फाल्कन' आलें. डॅशिएल हॅमेटच्या १९३० सालच्या कादंबरीवरील ही कथा वॉर्नर बंधूंनीं आधींच दोनदां, १९३१ व १९३६ सालीं, पडद्यावर आणलेली. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन हा चांगला पटकथालेखक खरा, पण दिग्दर्शनाचा हा त्याचा श्रीगणेशाच होता. खलपुरुषाच्या कामासाठीं निवडलेला सिडनी ग्रीनस्ट्रीट साठी उलटल्यावर प्रथमच बोलपटांत उतरणार होता. राफ्टनें जून १९४१ मध्यें मालक जॅक वॉर्नर यांस पत्र लिहून कळविलें कीं, हें चित्र आपणांस महत्त्वाचें वाटत नाहीं.

आमच्या वाचकांनीं आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें विचार करावा. दोनदां शिजलेल्या डाळीला नवशिका आचारी तिसरी फोडणी देणार, आणि त्या पंगतीला आपण मानाचे पाहुणे म्हणून बसावें, अशी ती विनंति होती. तिला नाहीं म्हणणारा राफ्ट आम्हांस मूर्ख वाटत नाहीं, हिशेबी वाटतो. बोगार्टनें तें काम केलें, तें चित्र अमर झालें, हें सर्व नंतरचें. आणि नंतरचें शहाणपण तर आमच्या आळींतल्या प्रत्येक ओट्यावर फुकट मिळतें!

शिवाय या हळहळण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. भूमिका म्हणजे जणूं पेटींत घडी करून ठेवलेला शालू. तो कोणीहि नेसला तरी तितकाच खुलावयाचा. वस्तुतः राफ्टनें तें काम केलें असतें तर तें चित्रच निराळें झालें असतें, आणि कदाचित् आज कोणास आठवलेंहि नसतें. हिंदी चित्रपटांत याचें ठळक उदाहरण म्हणजे १९५७ सालचा 'प्यासा'. त्यांतील विजय या कवीची भूमिका प्रथम दिलीपकुमार यांना देऊं केलेली होती. ती आपल्या 'देवदास'च्या फार जवळची आहे असें त्यांना वाटलें, व त्यांनीं ती स्वीकारली नाहीं. दुःखांत भूमिकांनीं त्यांचें मन इतकें झाकोळून गेलें होतें कीं, वैद्यकीय सल्ल्यानें ते हलक्याफुलक्या कामांकडे वळले होते. तेव्हां हा निर्णय लहरीचा म्हणतां येत नाहीं. अखेर दिग्दर्शक गुरुदत्त स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. आज त्या कवीच्या जागीं दुसरा चेहरा कल्पून पाहावा, मन तो स्वीकारीत नाहीं.

राफ्टच्या नकारांच्या यादींत 'कॅसाब्लांका'चेंहि नांव घालण्याची प्रथा आहे. तेथें प्रकार उलटा आहे. १९४२ च्या एप्रिलमध्यें त्या भूमिकेसाठीं राफ्टचें नांव पुढें आलें तें जॅक वॉर्नर यांच्याकडून. राफ्टला तें काम हवें होतें. नकार दिला तो निर्माते हॅल वॉलिस यांनीं, कारण ती भूमिका बोगार्टसाठींच लिहिली जात होती. दंतकथा अशी कीं एकदां एखाद्याचें नांव 'नाहीं म्हणणारा' म्हणून पडलें, कीं दुसऱ्यांचे नकारहि त्याच्याच खात्यावर चढतात.

बिली वाइल्डर यांच्या १९४४ सालच्या 'डबल इन्डेम्निटी'ची हकीकत मात्र बोलकी आहे, आणि ती खुद्द वाइल्डरच सांगत. कथा ऐकतां ऐकतां राफ्टनें विचारलें कीं, नायक कोटाची कॉलर उलटून आंतला पोलिसी बिल्ला केव्हां दाखवितो? म्हणजे खुनी दिसणारा हा इसम अखेर सज्जन ठरतो तो प्रसंग कोठें आहे? तसा प्रसंग नाहीं असें कळतांच त्यानें काम नाकारलें. ज्या वस्तींतून तो आला होता, तेथील गुंडांशीं त्याचे संबंध असल्याची कुजबुज जन्मभर त्याच्या पाठीस होती. अशा माणसास पडद्यावर तरी बिल्ला हवासा वाटला, यांत आम्हांस हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. पुढें १९५९ सालीं त्याच वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट'मध्यें राफ्टनें गुंडाचेंच काम केलें. त्यांत नाणें उडविणाऱ्या एका तरुणास तो दटावतो कीं, हा भिकार चाळा तूं कोठें शिकलास?

राफ्ट निदान नायकाच्या पायरीवर होता. बाकीच्यांचें काय होई? त्या काळच्या अमेरिकन संस्था नटनट्यांशीं सात वर्षांचा करार करीत. दिलेलें काम नाकारलें कीं पगार बंद. आणि जितके दिवस नट असा घरीं बसे, तितके दिवस कराराच्या शेवटीं जोडले जात. घरांत 'नाहीं' म्हणण्याची मुभा कोणास असते व कोणास नसते, हें आमच्या वाचकभगिनींस निराळें सांगावयास नको. बेटी डेव्हिस हिनें १९३६ सालीं कंटाळून इंग्लंड गांठलें, तेव्हां वॉर्नर बंधूंनीं तिला लंडनच्या न्यायालयांत खेचलें. श्रेष्ठ अभिनयाचें ऑस्कर त्याच वर्षीं मिळविलेल्या त्या स्त्रीचें वर्तन म्हणजे एका खट्याळ मुलीचा हट्ट, असें संस्थेच्या वकिलांनीं न्यायासनापुढें मांडलें. बेटी हरली.

ऑलिव्हिया डी हॅविलंड ही मात्र जिंकली. 'गॉन विथ द विंड'मधील सोज्ज्वळ मेलनी म्हणून आमच्या पिढीस ती ठाऊक. नाकारलेल्या कामांमुळें तिच्या करारास सहा महिन्यांच्या आसपास मुदत चिकटविण्यांत आली होती. सात वर्षें म्हणजे पंचांगांतलीं सात वर्षें, हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा अर्थ तिनें न्यायालयाकडून मान्य करून घेतला. डिसेंबर १९४४ मध्यें अपिलांतहि तोच निकाल कायम झाला. मध्यंतरीं तिला कोणी काम देऊं नये म्हणून जॅक वॉर्नर यांनीं सर्व लहानमोठ्या संस्थांना पत्रें धाडलीं होतीं. ऐन उमेदीचा काळ तिनें पडद्याबाहेर काढला. त्यानंतर १९४६ व १९४९ सालच्या चित्रांसाठीं तिला दोन ऑस्कर मिळालीं, हें खरें. पण दावा लावला त्या दिवशीं तीं तिला कोणी कबूल केलेलीं नव्हतीं.

आमच्याकडे पुण्याच्या 'प्रभात'मध्येंहि नटनट्या करारानें बांधलेल्या व मासिक पगारावरच असत. १९३७ सालच्या 'कुंकू'मध्यें, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील चित्रांत, म्हाताऱ्या नवऱ्याशीं लावलेलें लग्न मानावयाचें नाकारणारी नीरा शांताबाई आपटे यांनीं उभी केली. पुढें १९३९ सालीं त्यांचा स्वतःचाच कंपनीशीं वाद झाला. तो भूमिकेबद्दल नव्हता, कराराबद्दल होता. शांताबाई कंपनीच्या फाटकापाशीं उपोषणास बसल्या. दुसऱ्या वर्षीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. नांव 'जाऊं मी सिनेमांत?'