अंतर कोसांत मोजावें कीं तासांत ?

भूगोलाच्या पुस्तकांत दोन शहरांमधील अंतर एका आंकड्यानें दिलेलें असतें, आणि विद्यार्थी तो आंकडा पाठ करून परीक्षेच्या कागदावर उतरवितो. विमानाच्या युगांत हा एकटा आंकडा अपुरा, किंबहुना फसवा आहे, असें माझें नम्र मत आहे.

दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांचेंच उदाहरण घ्या. पृथ्वीच्या गोलावर त्यांच्यामध्यें दोरा ताणून धरला, तर तो सैबेरियाच्या हिमप्रदेशावरून उत्तर महासागर ओलांडून जातो व त्याची लांबी सुमारें १२,४०० किलोमीटर भरते. (भिंतीवरच्या सपाट नकाशावर हें कधींच उमगणार नाहीं, पण गोल मात्र बहुधा कपाटांत धूळ खात पडलेला असतो!) एअर इंडियाचीं विमानें प्रथम अटलांटिक महासागरावरून जात; तो मार्ग सुमारें १३,९०० किलोमीटरांचा. २०१६ च्या ऑक्टोबरांत कंपनीनें विमान उलट दिशेस, पॅसिफिक महासागरावरून नेलें. ही वाट सुमारें १५,३०० किलोमीटर, म्हणजे पूर्वीपेक्षां १,४०० नें अधिक. तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षां लवकर, मुक्कामास पोहोंचलें !

पृथ्वी पूर्वेकडे फिरते व तिच्याबरोबर विमानही पुढें सरकतें, असें याचें कारण कित्येक जण सांगतात. तें बरोबर नाहीं. पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवाही फिरत असते, तेव्हां नुसत्या फिरण्यानें विमानास कांहींच लाभ होत नाहीं. खरें श्रेय वाऱ्याचें. तीस-चाळीस हजार फूट उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. अटलांटिकच्या वाटेनें जाणारें विमान त्यांच्याशीं झुंजत जातें. पॅसिफिकवर तेच वारे त्यास पाठीमागून ढकलतात. नदीच्या प्रवाहाबरोबर जाणारी नाव व प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव यांचें काठावरील अंतर एकच असतें, पण नावाड्याच्या बाहूंना तें एक वाटत नाहीं.

घड्याळाचा गोंधळ तर विचारूंच नये. त्या दिवसांत दोन्ही शहरांच्या वेळांत साडेबारा तासांचा फरक होता. म्हणून केवळ घड्याळें पाहणारास तो प्रवास दोनच तासांचा भासेल.

शिवाय आकाशालाही आतां वेशी आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें. तेव्हां दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांस वळसा पडला व इंधन आणि वेळ दोन्ही अधिक लागूं लागलीं. दिल्ली कांहीं तसूभर हलली नव्हती.

ज्यांचीं मुलें परदेशीं शिकावयास गेलीं आहेत, ते आईबाप किलोमीटर विचारीत नाहींत. "निघाल्यावर किती तासांनीं पोहोंचेल ?" हाच त्यांचा प्रश्न असतो, आणि तो भूगोलाच्या पुस्तकापेक्षां शहाणा आहे. म्हणून माझी सूचना अशी कीं, आमच्या वर्गांतील अंतरांच्या तक्त्यांत यापुढें किलोमीटरांशेजारीं तासही लिहावे. आणि तेही जाण्याचे निराळे व येण्याचे निराळे, वरती साल घालून.