तोफेतले मस्तक आणि कागदावरचे अप्पा

सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांमागे तुंगारेश्वराची डोंगररांग उभी आहे. तिच्या पलीकडच्या अंगाला वज्रेश्वरीचे देवस्थान आहे, तर पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने गेले की वसईचा किल्ला लागतो. या दोन ठिकाणांना जोडणारा पुरुष म्हणजे चिमाजीअप्पा. वसई हाती आली तर देवीचे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला आणि जयानंतर वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडून तो फेडून घेतला, ही परंपरा या भागात घरोघर सांगितली जाते.

त्याहून अधिक सांगितली जाते ती मस्तकाची गोष्ट. किल्ला पडत नाही म्हणून त्रासलेले अप्पा सरदारांना म्हणाले, मी जिवंतपणी आत जात नसेन तर माझे मस्तक तोफेत घालून किल्ल्यात उडवा! लहान मुलांच्या अंगावर रोमांच उभे राहतील अशीच ही कथा आहे. शाखेवरच्या बौद्धिकात ती आली की पाठोपाठ जयघोष होतो आणि वसईचा विषय तेथेच संपतो. पण ही कथा इतरांनी अप्पांविषयी सांगितलेली आहे. अप्पांनी स्वतः काय लिहिले, हे किती घरांत ठाऊक आहे?

लिहिले तर पुष्कळ आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. वसईच्या मोहिमेला त्यांत स्वतंत्र स्थान आहे. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचा पत्रव्यवहार तर त्याहीपूर्वी पारसनीसांनी प्रसिद्ध केला होता. या कागदांतील सेनापती आरोळी ठोकणारा नाही. तो हिशेब देणारा आहे. दारूगोळा, सुरुंग, मोर्चे, पडलेली माणसे यांची नोंद त्यात येते. १७३९ च्या मे महिन्यातील अखेरच्या हल्ल्यात काही सुरुंग वेळेवर उडाले, काही उशिरा, आणि तटाकडे धावलेल्या आपल्याच माणसांवर दगडमाती कोसळली. विजयाचे वृत्त स्वामींना कळवताना अप्पा हे अपयश झाकत नाहीत. श्रेय मात्र देवाला आणि स्वामींच्या आशीर्वादाला देतात.

त्याआधी जानेवारीत तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर तोंडात गोळी लागून पडले होते. घरातलेच माणूस ते. त्यांच्या मातोश्रींना पेशव्यांकडून सांत्वनाचे पत्र गेले. मोहीम ऐन भरात असताना एका आईसाठी कागद-लेखणी घेण्याची ही रीत मस्तकाच्या कथेपेक्षा कमी ओजस्वी आहे काय?

वेढा चालू होता तेव्हा उत्तरेत नादिरशाहाने कर्नाळ येथे मोगलांचा पराभव केला होता आणि दिल्लीत कत्तल झाली होती. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती. ती फौज वसईत अडकलेली. थोरल्या भावाची निकड आणि समोरचा अभेद्य तट, यांच्यामध्ये सापडलेला हा धाकटा भाऊ प्रकृतीने दुबळा होता, खोकल्याने जर्जर होता. वय तिशीचे. पहिली पत्नी रखमाबाई १७३० साली, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत निवर्तलेली. ते मूल, सदाशिव, पुण्यात आजी राधाबाईंच्या पदराखाली वाढत होते. वसई पडली तेव्हा ते नऊ वर्षांचेही नव्हते. पुढे १७६१ मध्ये पानिपतावर पडलेले भाऊसाहेब ते हेच.

१६ मे १७३९ रोजी (तेव्हाच्या इंग्रजी गणनेने ५ मे) तह झाला. वसई प्रांतातील हिंदूंनी पोर्तुगीज अंमलात धर्मासाठी काय सोसले, हे अणजूरकर नाईकांना आणि मालाडच्या अंताजी रघुनाथांना चांगले ठाऊक होते. त्यांच्याच खटपटीतून ही मोहीम उभी राहिली. तरीही शरण आलेल्या शिबंदीला कुटुंबकबिल्यासह, शस्त्रे घेऊन, सन्मानाने जाऊ दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला तिचा धर्म पाळण्याची मुभा मिळाली. किल्ल्यातल्या घंटा मात्र महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या आणि त्यांतल्या काही आजही तेथे वाजतात.

घरचा वेढा मात्र अप्पांना उठवता आला नाही. मस्तानीवरून पेशव्यांचे घर दुभंगले होते आणि तिला पुण्यात अडकवून ठेवण्यात अप्पांचा व नानासाहेबांचा हात होता. ही गोष्ट आपल्या व्याख्यानांतून वगळली जाते; वगळू नये. कारण १७४० च्या आरंभी नासिरजंगावरील मोहिमेनंतर भावाचा निरोप घेऊन आलेले अप्पा पुतण्याला लिहितात ते असे, की राऊंचे चित्त ठिकाणावर नाही, तिला त्यांच्याकडे पाठवावे. कठोर झालेला भाऊ येथे वितळला आहे. २८ एप्रिलला रावेरखेडी येथे बाजीराव गेले, तेव्हा अप्पा आणि नानासाहेब कुलाब्याला होते. त्याच वर्षी १७ डिसेंबरला अप्पाही गेले. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. पुण्यात ओंकारेश्वराशी अप्पांची समाधी आहे.

अमेरिकेत यादवी युद्धात हरलेल्या, तेही गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या, दक्षिणेच्या अधिकाऱ्यांची घरी लिहिलेली पत्रे उत्तर कॅरोलिना विद्यापीठाने १९३० पासून संग्रहात जपली आहेत. तेच आपल्या पेशवे दफ्तराच्या छपाईचे पहिले वर्ष. फरक एवढाच की तिकडे ती पत्रे कुटुंबे वाचतात. इकडे वसईविजयाचे फलक चौकाचौकांत लागतात, त्यावर अप्पांपेक्षा पुढाऱ्यांची छबी मोठी असते आणि मोडी वाचणारी माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. वसई-विरार परिसरातील किती जुन्या घरांच्या माळ्यावर रुमालात बांधलेले कागद असतील आणि घर पाडून इमारत उभी राहताना ते रद्दीत जात असतील, याचा विचार संस्कृतीच्या नावाने काम करणाऱ्यांनी करायचा नाही तर कोणी?

येत्या मे महिन्यात सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात, रविवारच्या सुटीच्या दिवशी, दहा तरुणांचा मोडी वर्ग भरवता येईल. फळा, खडू आणि शिकवणारा एक निवृत्त शिक्षक एवढेच लागेल. पहिल्या पाठाला अप्पांचेच एखादे पत्र घ्यावे.