आकड्याखालचा छेद

जालन्यात २०२४-२५ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याला डॉक्टर मिळतील, हे चांगलेच. पण आजारांबरोबर आरोग्यसेवेचाही अभ्यास तिथे व्हायला हवा. सेवा कोणापर्यंत पोहोचते, कोण वगळले जाते, कोणते उपचार गरज नसताना होतात, हे शोधण्याचेही शास्त्र आहे. ते शिकावे लागते.

शेजारच्या बीडचे उदाहरण घेऊ. ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या. ‘अमुक गावात इतक्या शस्त्रक्रिया’ एवढ्याने खळबळ माजते, निष्कर्ष निघत नाही. त्यानंतरच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशभरचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. वयोगट जुळवल्याशिवाय काटेकोर तुलना होत नाही. तरीही ‘इतक्यांपैकी इतक्या’ हा छेद मिळाल्याने प्रश्नाचा आकार कळला.

छेद चुकला, तर उत्तरही चुकते. अंबड, घनसावंगी, मंठा तालुक्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत घरोघर पाहणी केली, तर कुलूपबंद घरांतील बाळंतिणी आणि लसीकरण चुकलेली मुले हिशेबातच येणार नाहीत. अहवाल मात्र उजळ दिसेल.

आकडा ‘किती’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. कामावर खाडा झाला तर मजुरी जाते, वर दंडही बसतो. पाळीचा त्रास, कर्करोगाची घातलेली भीती, मुकादमाकडून घेतलेली उचल हे सारे शस्त्रक्रियेच्या निर्णयात कसे मिसळते, हे प्रश्नावलीतल्या चौकटींत मावत नाही. त्यासाठी बाईजवळ बसून, तिच्या सवडीने ऐकावे लागते.

तिसरा प्रश्न ‘उपायाने फरक पडतो का?’ गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत प्रशिक्षित महिलांकरवी घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या गावांत ६२ वरून २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. ही दुसरी गावे नसती, तर श्रेय उपायाचे की चांगल्या पाऊसपाण्याचे, हे सांगता आले नसते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाचा प्रभाव पुढे सरकारच्या ‘आशां’च्या कामावरही पडला.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता गावातील कुटुंबे दत्तक दिली जातात. जालन्यातील विद्यार्थ्यांनी ती नुसती वहीत नोंदवू नयेत. वर्षातले किती महिने ही कुटुंबे घरी असतात, हा पहिला प्रश्न विचारावा. खरे संशोधन तिथूनच सुरू होईल.