रेडिओ आकाशातला की जमिनीवरचा? प्रश्न मालकीचा आहे!

नवी मोटार दाखवताना विक्रेता पडदा किती इंची आहे ते सांगतो, स्पीकर मोजून दाखवतो. त्यातला रेडिओ कोणत्या तंत्राचा आहे, हे तो सांगत नाही आणि ग्राहकही विचारत नाही. हा श्रीमंतांच्या चैनीचा विषय आहे, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. पण रस्त्यावर फक्त मोटारमालक नसतात. लासलगावहून कांदा भरून निघालेल्या ट्रकचा चालक आणि नाशिकहून पेठ-सुरगाण्याकडे प्रवासी नेणारा जीपवाला हेही दिवसभर चाकावरच असतात. त्यांच्या कानावर काय पडावे आणि ते कोणी ठरवावे, हा नागरी हक्काचा प्रश्न आहे.

उपग्रह रेडिओ आणि डिजिटल प्रसारण रेडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आवाज सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या किंवा अन्य कक्षेतल्या उपग्रहावरून थेट संचापर्यंत येतो. एकाच उपग्रहाखाली अख्खा देश येतो, पण त्यासाठी वर्गणी भरावी लागते. शिवाय इमारत, बोगदा किंवा डोंगर आड आला की आवाज तुटतो. म्हणून शहरांत जमिनीवर पूरक प्रक्षेपक उभारावे लागतात. दुसऱ्या प्रकारात आवाज जमिनीवरच्या मनोऱ्यावरूनच येतो, फक्त तो अंकांच्या रूपात येतो. त्यामुळे खरखर कमी होते आणि एकाच लहरीवर अनेक वाहिन्या बसतात. आकाशवाणीचे डिजिटल प्रसारण ऐकायला वर्गणी लागत नाही.

उपग्रह रेडिओचा प्रयोग भारतात होऊन गेला आहे, याचा आज अनेकांना विसर पडला आहे. वर्ल्डस्पेस या कंपनीने २००० साली एशियास्टार उपग्रह सोडला. पुढे तिच्या जगभरातील वर्गणीदारांपैकी बहुसंख्य भारतातलेच होते. सेवा उत्तम होती, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ती घराच्या खिडकीपाशी अँटेना ठेवून ऐकावी लागे. मोटारीत ऐकायचे तर जमिनीवर पूरक प्रक्षेपक हवे होते आणि त्यांची परवानगी कंपनीला मिळाली नाही. २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद झाली. ज्यांनी खास संच विकत घेतले होते, त्यांच्या घरात तो निव्वळ डबा उरला. कुलूप तिकडे लागले आणि इकडचा रेडिओ मुका झाला! अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या दोन कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या आणि मोटारींच्या भरवशावर आजही चालतात. पण तिथेही किल्ली कंपनीच्याच हाती आहे. वर्गणी थांबली की वाहिन्या थांबतात.

युरोपने वेगळा मार्ग धरला. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण बंद करून डिजिटल प्रसारण स्वीकारले. युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींच्या रेडिओत जमिनीवरील डिजिटल प्रसारण ऐकण्याची सोय सक्तीची आहे. भारतात अशी सक्ती नाही. आपल्याकडे आकाशवाणीने डीआरएम हे तंत्र निवडले, मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक त्यासाठी सज्ज केले आणि मारुती, ह्युंदाई, महिंद्रा यांच्या लाखो मोटारींत ते ऐकण्याची सोय आली. महिंद्राचा कारखाना तर आमच्या नाशिकमध्येच आहे. पण या तंत्राचा स्वस्त, खिशाला परवडणारा सुटा संच बाजारात सहज मिळत नाही. म्हणजे सार्वजनिक पैशातून उभारलेले प्रसारण नव्या मोटारवाल्याला ऐकू येते आणि द्राक्षबागेत राबणाऱ्या मजुराला येत नाही. याला समानता म्हणायचे काय?

आता खासगी एफएमची पाळी आहे. ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. एका लहरीवर एक जुनी एफएम वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहिती वाहिनी, अशी ती योजना आहे. सुरुवात तेरा शहरांत व्हावी, असे ट्राय म्हणते. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत, नाशिक नाही. मोठ्या बाजारपेठेला आधी आणि बाकीच्यांना नंतर, हा क्रम आम्हांला नवा नाही.

परंतु खरा मुद्दा यापुढे आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. लहरींवर ना सरकारची मक्तेदारी असावी ना धनदांडग्यांची, हा त्या निकालाचा गाभा. नागरिकाला माहिती मिळण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ (१) (अ) मध्येच येतो. असे असताना खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ यांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या वाजवा, एवढीच मुभा आहे. २०२३ मध्ये ट्रायने खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी, असे सुचवले. वृत्तपत्राला जे स्वातंत्र्य आहे ते रेडिओला का नाही? वाहिन्या तिप्पट झाल्या आणि त्यांवर तीच गाणी, त्याच जाहिराती वाजल्या, तर जनतेच्या हाती काय लागले?

मोबाइल असताना रेडिओ कशाला, असे काहीजण विचारतील. मोबाइलला रेंज लागते, डेटा लागतो. आणि कोण काय ऐकतो याची नोंद कुठेतरी होत राहते. मनोऱ्यावरून येणारा आवाज मात्र ऐकणाऱ्याचे नाव विचारत नाही. दरड कोसळली, पूर आला आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले, तर दूरच्या मनोऱ्यावरून येणारा हाच आवाज घाटातल्या चालकापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. मोटारीसाठी आकाशातल्या कंपनीच्या रेडिओपेक्षा जमिनीवरचा, बिनवर्गणीचा डिजिटल रेडिओच योग्य. पण अटी आहेत. परवडणारा संच बाजारात आलाच पाहिजे. नाशिकसारख्या शहरांचे वेळापत्रक आजच जाहीर झाले पाहिजे. नव्या वाहिन्यांतील काही जागा सामुदायिक रेडिओसाठी कायद्याने राखल्या पाहिजेत आणि बातम्यांवरची बंदी उठली पाहिजे. लहरींचा लिलाव एकदा झाला की वर्षानुवर्षे त्या परत मागता येत नाहीत. जे मागायचे ते लिलावापूर्वी मागा. आपल्या खासदाराला, प्रसारण मंत्रालयाला आजच लेखी निवेदन द्या!